नोंद बदलली, पण गटाला कळली का?



या पानावर आम्ही दरवेळी बेणे, खतांच्या मात्रा, हुमणी, पाणी अशा विषयांवर लिहितो. या वेळी विषय जरा निराळा आहे. तो शेतातला नाही, संगणकातला आहे. पण त्याचा कोयता शेवटी आपल्याच फडात पडतो, म्हणून सभासदांना तो समजावा असे आम्हांस वाटते. आम्ही पदविका घेतलेली शेतीखात्याची माणसे. संगणकाचे शिक्षण आम्हांला नाही. कारखान्याच्या संगणक विभागातील तरुण मंडळींच्या शेजारी बसून, पुन्हा पुन्हा विचारून जे समजले, ते आपल्या भाषेत मांडत आहोत.

काय घडले

सन २०२३-२४ च्या गळीत हंगामातील गोष्ट आहे. एका सभासदांनी १८ नोव्हेंबरला को ८६०३२ जातीची पूर्वहंगामी लागण केली होती. नोंद घेताना महिन्याच्या जागी ११ ऐवजी ८ पडला आणि पूर्वहंगामी ऊस कागदावर आडसाली झाला. पुढच्या वर्षी डिसेंबरात तो कागदावर सोळा महिन्यांचा दिसू लागला. शेतात तो तेरा महिन्यांचाच होता. तोडणी कार्यक्रमात त्याचा नंबर वर आला.

सभासद जागरूक होते. त्यांनी मुख्य कार्यालयात येऊन अर्ज दिला. दुपारी साडेबाराच्या सुमारास आमच्या लेखनिकाने नोंद दुरुस्त केली, पडद्यावर दाखवली. सभासद समाधानाने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाच वाजता गट कार्यालयातून त्याच फडाची तोडणी चिठ्ठी निघाली. टोळी उतरली. सभासदांना वस्तीवर निरोप मिळेपर्यंत आणि ते धावत येईपर्यंत वीसएक गुंठे ऊस आडवा झाला होता.

ते बांधावर उभे राहून आम्हांला म्हणाले, "साहेब, काल माझ्या डोळ्यांदेखत तारीख दुरुस्त केली तुम्ही. मग टोळी आली कशी? का कुणाचा नंबर मागं सरकवायचा होता?"

आम्ही लेखनिकाला विचारले. तो म्हणाला, दुरुस्ती केली. वही तपासली, केली होती. स्लिपबॉयला विचारले. तो म्हणाला, मोबाईलवर ऑगस्टच दिसत होता. मोबाईल तपासला, खरोखरच ऑगस्ट होता. सभासद खरे बोलत होते, लेखनिक खरे बोलत होता, स्लिपबॉयही खरे बोलत होता. आणि तरीही ऊस तुटला होता. वजन भरायचे आणि साखर उतरायची तेव्हाच त्याच्या बुडात कोयता बसला. तुटलेला ऊस परत खोडाला जोडता येत नाही.

खोटे कोणीच बोलले नाही, मग चूक कुठे झाली? आपल्या नोंदीच्या प्रती अनेक ठिकाणी असतात. मूळ नोंद बदलली होती, पण बदलल्याचे गटातल्या प्रतीला कळले नव्हते.

प्रती ठेवाव्याच कशाला?

साहजिकच कोणी म्हणेल, एकच वही ठेवा, भानगडच नको. आम्हीही प्रथम तसेच म्हणालो. पण हंगामातली सकाळ डोळ्यांपुढे आणा. पहाटे पाच ते सात या वेळात सर्व गटांतले स्लिपबॉय, वजनकाट्यावरचे लोक, वाहतूकदार आणि घरबसल्या मोबाईल उघडून 'आपली तोड कधी' बघणारे सभासद, सगळे एकदम त्याच वहीत डोकावतात. काट्यावर एकच दार असले की बैलगाड्यांची रांग जशी रस्त्यापर्यंत जाते, तशी इथे प्रश्नांची रांग लागते.

दुसरे कारण वेगाचे. मूळ नोंदी संगणकाच्या कायम साठ्यात असतात. फिरत्या तबकडीच्या जुन्या साठ्यातून एक नोंद हुडकून काढायला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. तीच नोंद संगणकाच्या चालू स्मृतीत असेल तर सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या भागात हाती येते. फरक लाखपटीचा आहे. म्हणून वारंवार लागणाऱ्या नोंदींची प्रत चालू स्मृतीत काढून ठेवतात. या प्रतींच्या साठ्याला 'कॅश' म्हणतात. सभासदांनी गैरसमज करून घेऊ नये, ही कॅश म्हणजे रोकड नव्हे. उच्चार सारखा, अर्थ वेगळा. कोठारातले धान्य रोज न उपसता आठवड्याचे पीठ स्वयंपाकघरातल्या डब्यात ठेवावे, तसा हा डबा आहे.

एका यंत्राची स्मृती पुरत नाही, आणि ते एक बंद पडले तर सगळेच अडते. म्हणून हा साठा अनेक यंत्रांवर वाटून ठेवतात. त्याला 'वाटलेली कॅश' म्हणू. जगातील मोठमोठी संकेतस्थळे याच पद्धतीवर चालतात. २००३ साली ब्रॅड फिट्झपॅट्रिक या अमेरिकन तरुणाने आपल्या लाइव्हजर्नल या संकेतस्थळासाठी मेमकॅशडी नावाची अशी प्रणाली लिहिली. २००९ साली साल्वातोरे सानफिलिप्पो या इटालियन गृहस्थाने रेडिस नावाची दुसरी लिहिली. रेडिस अनेक यंत्रांवर पसरली की ती सर्व नोंदींचे १६,३८४ कप्पे पाडते आणि ते कप्पे यंत्रांमध्ये वाटून देते. आपण कार्यक्षेत्राचे गट पाडतो, गटांची गावे वाटून देतो, तोच हा प्रकार.

म्हणजे प्रती हव्यातच. आता प्रश्न असा की मूळ नोंद बदलली हे त्या प्रतींना कळणार कसे? संगणकाच्या जाणकारांत हा प्रश्न अत्यंत अवघडांपैकी एक मानला जातो. त्याच्या निरनिराळ्या रीती आहेत. प्रत्येकीचा गुण आणि दोष पाहू.

पहिली रीत : मुदत

प्रतीवर मुदत घालायची. औषधाच्या बाटलीवर असते तशी. मुदत संपली की प्रत आपोआप रद्द होते आणि पुढच्या वेळी मूळ वहीतून नवी प्रत काढली जाते. ही रीत साधी आहे आणि कधी बंद पडत नाही. पण मुदत संपेपर्यंत चुकीची प्रतही बरोबरच्याच ऐटीत मिरवते.

आपल्याकडे मुदत चोवीस तासांची ठेवली होती. त्या गटाची प्रत आदल्या दिवशी सकाळी सहा वाजता काढलेली होती, म्हणजे ती दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला रद्द झाली असती. चिठ्ठी निघाली साडेपाचला. अर्ध्या तासाने घात केला.

मग मुदत पाच मिनिटांची का ठेवू नये? ठेवता येते. पण मग दर पाच मिनिटांनी सगळ्या प्रती मूळ वहीकडे धावणार आणि पुन्हा तीच रांग लागणार. मुदत किती ठेवायची हे, जुनी नोंद किती वेळ चालवून घेता येईल त्यावर ठरवावे लागते. सभासदाच्या पत्त्याला एक दिवस चालेल. तोडणीच्या तारखेला तासही जास्त होतो.

दुसरी रीत : विचारत राहणे

प्रतीने स्वतःच थोड्या थोड्या वेळाने मूळ वहीला विचारायचे, 'काही बदल आहे का?' ही रीत आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. जानेवारी उजाडला की सभासद रोज गट कार्यालयात येऊन विचारतात, "साहेब, आमची तोड कधी?" शंभरातल्या नव्वद वेळा उत्तर असते, 'अजून नाही.' विचारणाऱ्याची पायपीट होते, सांगणाऱ्याचा वेळ जातो आणि एवढे करून, विचारून गेल्यानंतर पाच मिनिटांनी बदल झाला तर तो दुसऱ्या दिवशीच कळतो.

तिसरी रीत : दवंडी

मूळ ठिकाणी बदल झाला की लगेच पुकारा करायचा. ज्यांना त्या नोंदीशी काम आहे त्यांनी आधीच कान लावून बसायचे. रेडिसमध्ये ही सोय २०१३ सालच्या आवृत्तीपासून आहे. सुरुवातीला ती बंद असते, कारण पुकारा करायलाही यंत्राची थोडी शक्ती खर्ची पडते. ज्याला हवी त्याने ती मुद्दाम सुरू करायची. दवंडीने बदल क्षणात सगळीकडे पोचतो आणि रोजची विचारपूस वाचते.

आपल्या कारखान्यात हीच दवंडी सुरू होती. मग ती त्या दिवशी गटाला ऐकू का आली नाही?

जुन्या काळी गावात दवंडी पिटली जाई तेव्हा जो मळ्यात असेल त्याला ती ऐकू येत नसे. दवंडीवाला घरोघर जाऊन 'ऐकलीस का' असे विचारत नसे आणि गैरहजर माणसासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा पिटतही नसे. रेडिसची दवंडी अगदी अशीच आहे. पुकारा झाला त्या क्षणी जो जोडलेला आहे त्यालाच तो मिळतो. जो नाही त्याच्यासाठी तो राखून ठेवला जात नाही. त्या दिवशी दुपारी गट कार्यालयाची वीज दहा मिनिटे गेली होती. नेमकी त्याच दहा मिनिटांत दुरुस्ती झाली आणि पुकारा झाला. वीज आली, यंत्र पुन्हा जोडले गेले, सगळे सुरळीत दिसू लागले. आपण काहीतरी ऐकायचे चुकलो आहोत हेच गटाच्या यंत्राला ठाऊक नव्हते. मुख्य कार्यालयात मात्र 'पुकारा केला' अशी टीप पडली होती.

दवंडीची आणखी दोन वैशिष्ट्ये संगणक विभागाने आम्हांला दाखवली. नोंदी अनेक यंत्रांवर वाटलेल्या असतील तर रेडिसचे प्रत्येक यंत्र फक्त आपल्याकडच्या नोंदींचा पुकारा करते. ऐकणाऱ्याने एकाच यंत्राकडे कान लावला तर बाकीच्या यंत्रांवरचे बदल त्याला कळत नाहीत. त्याने प्रत्येक यंत्राचे ऐकले पाहिजे. आणि मुदत संपल्याचा पुकारा मुदत संपते त्या ठोक्याला होईलच असे नाही. यंत्र जेव्हा ती प्रत प्रत्यक्ष काढून टाकते तेव्हा तो होतो. म्हणून त्या पुकाऱ्यावर घड्याळ लावू नये.

चौथी रीत : कोणी प्रत नेली त्याचे नाव लिहून ठेवणे

ही रीत रेडिसमध्ये २०२० साली आली. जो कोणी नोंदीची प्रत नेईल त्याचे नाव साठ्याचे यंत्र टिपून ठेवते. ती नोंद बदलली की फक्त त्यालाच निरोप जातो, 'तुझ्याकडची प्रत टाकून दे.' गावभर दवंडी नाही, ज्याचे काम त्यालाच निरोप. निरोप दिला की नाव खोडले जाते. त्याने पुन्हा प्रत नेली तर पुन्हा नाव लागते.

या रीतीतील दोन नियम आम्हांस फार आवडले. पहिला असा की जोडणी तुटली, तर प्रत नेणाऱ्याने आपल्याकडच्या सगळ्या प्रती टाकून द्याव्यात. मधल्या वेळात काय बदलले ते माहीत नाही, तेव्हा जुन्यावर भरवसा ठेवायचा नाही. दुसरा असा की नावांची यादी फार मोठी झाली आणि काही नावे काढावी लागली, तर त्या लोकांना आधी 'प्रत टाकून द्या' असे सांगूनच नाव काढले जाते, मग नोंद बदललेली असो वा नसो. शंका आली तर जुने फेकावे, हे यामागचे सूत्र. थोडी जास्तीची धावपळ होते, पण चुकीचा ऊस तुटत नाही. आपल्या गटाच्या यंत्राने वीज आल्यावर एवढा एक नियम पाळला असता, तर पुढचे काही घडले नसते.

पाचवी रीत : क्रमांक घातलेली फेरफार वही

ही रीत शेतकऱ्याला नवी नाही. सात-बारावरचे नाव बदलायचे तर आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, क्रमांक पडतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५० प्रमाणे आपण ज्यांना तलाठी म्हणतो त्यांनी त्या नोंदीची प्रत चावडीवर लावायची असते आणि शिवाय ज्यांचा संबंध आहे त्यांना लेखी कळवायचे असते. म्हणजे दवंडीसारखी जाहीर सूचनाही आहे आणि नाव घेऊन निरोपही आहे. पण खरा आधार आहे तो क्रमांकाचा. मागचा फेरफार ४१२ होता आणि हातात ४१४ आला, तर मधला ४१३ कुठे गेला हे शहाणा माणूस लगेच विचारतो.

संगणकातही तसेच करता येते. प्रत्येक बदल एका वहीत क्रमाने लिहायचा आणि ती वही पुसायची नाही. गटाच्या यंत्राने 'मी ४१२ पर्यंत वाचले' एवढे लक्षात ठेवायचे. वीज दहा मिनिटे जावो नाहीतर दहा तास, परत आल्यावर त्याने म्हणायचे, '४१२ च्या पुढचे सगळे दाखव.' रेडिसमध्ये २०१८ च्या आवृत्तीपासून अशी वही ठेवण्याची सोय आहे. वाचून झाल्यावर पोहोच देण्याचीही व्यवस्था तीत आहे. पोहोच आली नाही तर निरोप अजून पडून आहे हे मुख्य कार्यालयाला दिसते. दवंडी आणि रजिस्टर टपाल यांत जो फरक, तोच इथे.

निरोपात काय पाठवावे?

आम्हांला वाटले होते की बदललेली तारीखच गटाकडे पाठवून द्यावी, म्हणजे काम एका फेरीत होईल. संगणक विभागाने यातील धोका समजावून दिला. समजा एकाच फडाच्या नोंदीत दोन दुरुस्त्या झाल्या आणि निरोप वाटेत पुढे-मागे झाले. दुसरा आधी पोचला, पहिला नंतर. मग शेवटी जुनीच दुरुस्ती कायम राहील. त्याऐवजी 'प्रत टाकून द्या' एवढेच सांगितले तर निरोप पुढे-मागे झाला किंवा दोनदा आला तरी बिघडत नाही. टाकलेली प्रत पुन्हा टाकायला सांगितली, एवढेच.

पण यातही एक फट राहते, आणि ती आम्हांला सर्वांत बारीक वाटली. अशी कल्पना करा. गटाचा पोरगा मुख्य कार्यालयातून नोंद लिहून घेऊन निघाला. वाटेत चहाला थांबला. इकडे नोंद दुरुस्त झाली आणि गटाला निरोप गेला, 'जुनी प्रत टाका.' गटात त्या वेळी प्रतच नव्हती, त्यामुळे टाकायला काही नव्हते. मग पोरगा आला आणि खिशातली जुनी नोंद त्याने फळ्यावर लिहिली. निरोप वेळेवर आला, सर्वांनी तो पाळला आणि तरीही फळ्यावर जुनीच तारीख!

फेसबुक कंपनीच्या अभियंत्यांनी आपली वाटलेली कॅश कशी चालते यावर २०१३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात याच फटीवर उपाय दिला आहे. प्रत आणायला निघणाऱ्याला एक बिल्ला द्यायचा. तो वाटेत असताना 'प्रत टाका' असा निरोप आला तर बिल्ला रद्द करायचा. रद्द बिल्ल्यावर आणलेली नोंद साठ्यात लिहू द्यायची नाही. फेरफार क्रमांक वापरूनही हे साधते. प्रत्येक प्रतीवर क्रमांक असावा आणि लहान क्रमांकाच्या नोंदीने मोठ्या क्रमांकाची नोंद कधीही झाकू नये.

त्याच निबंधातील आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. नोंद बदलणे आणि पुकारा करणे ही दोन कामे आहेत. पहिले झाले आणि दुसऱ्याच्या आधी यंत्र बंद पडले तर बदल झाला पण पुकारा राहिला, असे होते. म्हणून त्यांनी पुकाऱ्याचे काम नोंद बदलणाऱ्या कार्यक्रमावर एकट्यावर सोडले नाही. मूळ वहीतच जो बदल कायम होतो, तो वाचत बसणारा वेगळा पहारेकरी त्यांनी नेमला. वहीत लिहिले गेले की पहारेकऱ्याला दिसते आणि तो सर्व साठ्यांना कळवतो. वहीत नाही ते कळवले जात नाही आणि वहीत आहे ते सुटत नाही.

आपण काय बदलले

घडलेला प्रकार आम्ही वरिष्ठांपुढे व संचालक मंडळापुढे जसाच्या तसा मांडला. सन २०२४-२५ च्या हंगामापासून पुढीलप्रमाणे व्यवस्था केली आहे.

१) ऊस नोंदीतील प्रत्येक बदलास, मग तो लागण तारीख, जात, क्षेत्र वा खातेदाराचे नाव यांपैकी काहीही असो, क्रमाने फेरफार क्रमांक पडतो. गटांचे निरोप याच वहीतून निघतात.

२) दवंडी चालूच ठेवली आहे, कारण ती जलद आहे. पण तिच्यावर विसंबून राहत नाही. गटाचे यंत्र पुन्हा जोडले गेले की आधी राहिलेले क्रमांक वाचते आणि मगच काम सुरू करते.

३) तोडणीशी संबंधित नोंदींची मुदत चोवीस तासांवरून पंधरा मिनिटांवर आणली आहे. निरोप आणि पोहोच दोन्ही चुकले तरी चूक पंधरा मिनिटांहून जास्त जगू नये. बाकी नोंदींची मुदत पूर्वीप्रमाणेच आहे.

४) सर्वांत महत्त्वाचे असे की तोडणी चिठ्ठी निघण्यापूर्वी, काट्यावर वजन चढण्यापूर्वी आणि बिल निघण्यापूर्वी यंत्र प्रतीवर विश्वास न ठेवता थेट मूळ वहीला विचारते. दिवसभरात नोंद पाहणारे हजारो असतात, पण चिठ्ठ्या त्या मानाने थोड्या निघतात. तेवढा भार मूळ वही सहज उचलते. पाहण्यासाठी प्रत चालेल, तोडण्यासाठी मूळ नोंदच पाहिजे.

५) जोडणी नसेल तर मोबाईलच्या पडद्यावर 'नोंद अमुक वाजेपर्यंतची' अशी वेळ दिसते. अशा वेळी गटाने मुख्य कार्यालयास फोन करून शेवटचा फेरफार क्रमांक विचारावा आणि तो चिठ्ठीवर हाताने लिहावा. क्रमांकाशिवाय चिठ्ठी असेल तर मुकादमाने टोळी फडात उतरवू नये, अशा सूचना दिल्या आहेत.

ही व्यवस्था लागू झाल्यावर पहिल्याच महिन्यात स्लिपबॉयची कुरकुर सुरू झाली. चिठ्ठी निघायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो म्हणून. लागतो हे खरे आहे. पहाटेच्या गर्दीत कधीकधी अर्धा मिनिटही थांबावे लागते. आम्ही त्यांना एवढेच सांगितले की त्या फडाच्या बांधावर आम्ही उभे होतो. अर्धा मिनिट परवडेल.

सभासदांना विनंती

यंत्राने आपले काम करावे, पण सभासदांनीही डोळे उघडे ठेवावेत. त्यासाठी काही गोष्टी आवर्जून कराव्यात.

लागणीची नोंद दिल्यावर आठ दिवसांत ती मोबाईलवर किंवा गटात जाऊन एकदा वाचून पाहावी. तारीख, जात, क्षेत्र, गट नंबर या चार गोष्टी नीट पाहाव्यात. आठ आणि अकरा यांतली चूक लागणीनंतर सापडली तर एका ओळीची दुरुस्ती असते. तोडीच्या वेळी सापडली तर वीस गुंठ्यांचे नुकसान असते.

दुरुस्तीचा अर्ज दिल्यावर 'झाली' या शब्दावर घरी जाऊ नये. फेरफार क्रमांक मागून घ्यावा. तो देणे लेखनिकावर बंधनकारक आहे. मग आपल्या गट कार्यालयात विचारावे, 'तुमच्याकडे हा क्रमांक पोचला का?' पोचला असेल तर निश्चिंत राहावे. नसेल तर आम्हांला कळवावे, रात्री-अपरात्री कळवले तरी चालेल.

मोबाईलवर नोंद पाहताना खाली लिहिलेली वेळ पाहावी. ती जुनी असेल तर तारीखही जुनी असू शकते. नातेवाइकांना, वाटेकऱ्यांना निरोप देतानाही हे लक्षात ठेवावे. कालचा फोटो आज फिरवला की तोही एक जुनी प्रतच असतो, आणि त्याला कोणी 'टाकून दे' म्हणून सांगायला जात नाही.

त्या सभासदांचा उरलेला ऊस फेब्रुवारीत, त्याच्या पुऱ्या वयात तुटला. काट्यावर गाडी चढली तेव्हा आम्ही मुद्दाम हजर होतो. आधी तुटलेल्या तुकड्याच्या मानाने उसाची जाडी आणि वजन डोळ्यांना दिसत होते. जे गेले ते परत आले नाही, ते आम्हांस भरून देता आले असे आम्ही म्हणणार नाही. पण बांधावर त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या दिवशी काट्यावर उभे राहून त्यांना दिले. नंबर कुणाचा सरकवला नव्हता, निरोप वाटेत हरवला होता, आणि हरवलेला निरोप कुणाला दिसत नव्हता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मग हे सगळ्यांना सांगा की. माझ्यासारखे लेखनिकावर संशय घेऊन बसलेले पुष्कळ असतील."

त्यांच्या सांगण्यावरूनच हा लेख लिहिला आहे. सभासदांनी आपापल्या नोंदी तपासून घ्याव्यात आणि काही शंका असल्यास शेतकी कार्यालयात येऊन निःसंकोच विचारावे, ही नम्र विनंती.

आपले,
ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग